कलम ३७, एक मैदान आणि बालेवाडीच्या बसमधली आमची गँग

आमच्या खेळाच्या मैदानाचा एक तुकडा मंडईसाठी काढून घ्यायचा महापालिकेचा प्रस्ताव होता, त्याला आम्ही हरकत घेतली होती. त्या हरकतीचं पुढे काय झालं, असं विचारणारे फोन अजून येतात. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आमच्या मैदानापेक्षा त्याच्या भागातल्या जागेची काळजी असते. कुणाच्या सोसायटीशेजारची ॲमेनिटी स्पेस (सार्वजनिक सोयींसाठी सोडलेली जागा) असते, कुणाच्या शाळेमागचं क्रीडांगण. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो. जागेचं नाव मुद्दाम घालत नाही. काही कामं अजून सरकारदरबारी अडकलेली आहेत आणि त्यातल्या माणसांना उगाच ताप नको. पुण्याच्या पश्चिमेचा जुन्या हद्दीतला भाग, एवढं पुरे.

आम्ही कोण ते आधी सांगायला हवं. आम्ही कार्यकर्ते वगैरे नाही, फुटबॉलवाले आहोत. २००७ साली पुणे एफसी सुरू झाला तेव्हापासून बालेवाडीला मॅच बघायला जाणारी टोळी. स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, मध्ये ॲथलेटिक्सचा ट्रॅक, त्यामुळे खेळाडू लांब दिसायचे. तरी जायचो. २०१२-१३ ला पुणे एफसी आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये दुसरा आला. २०१४-१५ चा हंगाम तर निव्वळ चैनीचा होता. पुणे एफसी आणि भारत एफसी आय-लीगमध्ये, एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल), असे एका शहरात तीन व्यावसायिक क्लब! फ्रान्सकडून १९९८ चा वर्ल्ड कप जिंकलेला त्रेझेगे आपल्या बालेवाडीत धावताना पाहिलाय आम्ही. पण तो हंगाम संपला तसा भारत एफसी बंद झाला, पुणे एफसीचा मुख्य संघही गेला. राहिला पुणे सिटी. मार्च २०१८ मध्ये तो बेंगळुरूविरुद्ध सेमीफायनल खेळला. इथे ०-०, तिकडे १-३, त्यांचे तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. २०१९ मध्ये तोही बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. त्याच वर्षी भुवनेश्वरचं स्टेडियम मोकळं नव्हतं म्हणून ओडिशाच्या संघाने सुरुवातीच्या 'घरच्या' मॅचेस बालेवाडीत खेळल्या. आम्ही तिथेही गेलो आणि दुसऱ्याच्या घरच्या संघासाठी टाळ्या वाजवून आलो.

त्यानंतर उरला एक व्हॉट्सॲप ग्रुप, 'बालेवाडी बस' नावाचा. वाढदिवस, ट्रान्सफरच्या अफवा, रविवारी सकाळी मैदानावर कोण कोण येणार, आणि अधूनमधून एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग बघायला जायचे बेत, एवढंच त्यावर चालायचं.

सप्टेंबर २०२२ मध्ये, पितृपंधरवड्यात, त्या ग्रुपवर रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या काकांनी एका नोटिशीचा फोटो टाकला. शुभकार्यं त्या पंधरवड्यात थांबतात, जाहीर नोटिसा थांबत नाहीत. पेपरच्या आतल्या पानावर, हरवलेल्या खरेदीखतांच्या जाहिरातींच्या शेजारी, डोळ्यांना त्रास होईल इतक्या बारीक अक्षरात छापलेली होती. मंजूर विकास योजनेतल्या 'क्रीडांगण' आरक्षणाखालच्या क्षेत्रापैकी काही क्षेत्र वगळून ते 'मंडई व वाहनतळ' यासाठी दाखवण्याचा फेरबदल, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७(१) अन्वये. हरकती व सूचना एक महिन्याच्या आत. खाली सर्व्हे नंबर. सर्व्हे नंबरवरून आपलं मैदान ओळखू येतं असे लोक शहरात किती असतील? काकांना आलं, कारण त्यांच्या घराचाही तोच नंबर, फक्त हिस्सा वेगळा.

पहिले दोन दिवस ग्रुपवर नुसता संताप चालला. 'उपोषणाला बसू', 'नगरसेवकाला धरू' वगैरे. तेव्हा धरायला नगरसेवकच नव्हता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली, निवडणूक लांबलेली, कारभार प्रशासकाकडे. ज्याला फोन करावा तो माजी. स्थायी समितीचे आणि मुख्यसभेचे अधिकारही प्रशासकाकडेच. एका परीने ते बरंच झालं म्हणायचं. कुणाच्या तरी ओळखीने काम होईल ही आशाच नसल्यामुळे कायद्यात लिहिलेल्या वाटेने जाणं भाग पडलं.

मला मात्र त्या नोटिशीत वेगळंच काहीतरी दिसत होतं. २०१९ मध्ये क्लब गेल्याचं आम्हाला मोबाइलवरच्या बातमीतून कळलं. बारा वर्षं मॅचेस बघणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कुणावर बंधनही नव्हतं. क्लब मालकांचा होता, त्यांनी तो बंद केला. इथे त्या मैदानाचा एक कोपराही कमी करायचा तर राजपत्रात छापावं लागतं, महिनाभर थांबावं लागतं, हरकत घेणाऱ्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. कायदा 'कोणत्याही व्यक्तीला' हरकत घेऊ देतो. शेजारी राहायची अट नाही, मालकीची नाही, वकील लागत नाही, फी नाही. ज्याच्यासाठी आरडाओरडा केला तो क्लब कधीच आमचा नव्हता, आणि ज्या मुरमाच्या मैदानावर ढोपरं सोलून घेतली ते आमचं होतं. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा कुणीतरी फक्त अंगठा दाखवला. पण दुसऱ्या दिवशी सात-आठ जण चहाला जमले.

टेकड्यांच्या चळवळीत वर्षानुवर्षं काम केलेल्या एक ताई आमच्यातल्या एकीच्या ओळखीच्या निघाल्या. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवरच्या बीडीपी आरक्षणाला, म्हणजे जैववैविध्य उद्यानाला, राज्य सरकारची मंजुरी मिळेपर्यंत २०१५ उजाडलं. त्या तेवढा काळ या कागदांत राहिलेल्या. आम्ही मोठ्या उत्साहाने शेकडो सह्यांची मोहीम काढतोय असं सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "झोन दाखला काढलात?"

"नाही."

"राजपत्राची तारीख बघितलीत?"

"पेपरची बघितली."

"मग आधी ते करा. सह्यांच्या गठ्ठ्याला आवकमध्ये एकच नंबर पडतो."

पुढचे तीन आठवडे त्यांनी सांगितलेल्या क्रमानेच गेले. राजपत्र ऑनलाइन मिळतं, पुणे विभागाच्या पुरवणीत. त्यातली आणि पेपरातली तारीख वेगळी असू शकते. दोन्हींतली आधीची धरून महिना मोजायचा, म्हणजे मुदत संपल्याचा वाद उरत नाही. आमची मुदत दिवाळीच्या थोडी आधी संपत होती. झोन दाखला (जागा विकास योजनेत कशासाठी दाखवली आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा यांसाठी रीतसर अर्ज केला. यात आठवडा-दीड आठवडा जातो, म्हणून हे काम सगळ्यात आधी लावा. सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. शहरात काही जागांना सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं. तुमच्या जागेला काय आहे ते बघून घ्या.

खरं घबाड मिळालं फाइलमध्ये. सरकारी कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय तेव्हा होती. २०१८ चं तसं शासन परिपत्रकच आहे. तुम्ही जाल तेव्हा ती चालू आहे का, हे आधी विचारून जा. नसेल तर माहिती अधिकारात 'अभिलेख अवलोकन' मागता येतं. फाइल दोन बोटं जाड, डाव्या बाजूला टिपणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, मधली काही पानं वाळवीने चाळण केलेली. काका पान न् पान वाचत होते. मी पानांचे नंबर टिपत होतो, कारण नंतर नक्कल मागताना पान क्रमांक दिला की काम सोपं होतं. मधे कुठेतरी एक पिवळी पडलेली ताबा पावती आली आणि तिच्या मागे टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) दिल्याची नोंद. म्हणजे मूळ मालकाला या जागेचा मोबदला विकास हक्कांच्या रूपात मिळून गेला होता. शहराने खेळाच्या मैदानासाठी म्हणून किंमत मोजलेली जागा होती ती. हरकतीतला हा आमचा पहिला मुद्दा झाला, आणि तो सुचला नव्हता, सापडला होता.

दुसरा मुद्दा मैदानावर सापडला. प्रस्तावाच्या नकाशात मैदानाची एक बाजू कापली जात होती. कागदावर ती पट्टी किरकोळ दिसायची. ऑक्टोबरातल्या पावसाने उघडीप दिली त्या रविवारी सकाळी आम्ही तीस मीटरची टेप आणि फक्कीचं, म्हणजे रेषा मारायच्या पांढऱ्या भुकटीचं, पोतं घेऊन गेलो. दोन कोपऱ्यांवर दोन पोरं, मधे मी नकाशा धरून. काकांनी डब्यातून फक्की सोडत रेषा मारली. ओल्या मुरमावर ती पांढरीधोप उठली, आणि सगळ्यांना एकदमच दिसलं की ती उजवीकडच्या पेनल्टी बॉक्सला कापत चालली आहे. मोजलं तर उरणारी रुंदी अडतीस मीटरच्या आसपास. फुटबॉलच्या नियमांत मैदानाची किमान रुंदी ४५ मीटर आहे, लांबी ९०. म्हणजे उरेल त्यावर अकरा विरुद्ध अकरा असा सामनाच होऊ शकत नाही. तासाला हजार-बाराशे रुपये घेणाऱ्या पाच-पाच जणांच्या टर्फसाठी ती जागा बेतशीर झाली असती, एवढंच. 'मैदानाचा काही भाग' कमी होतोय असं नोटीस म्हणत होती. प्रत्यक्षात फुटबॉलचं मैदान अख्खंच जात होतं. फक्कीच्या रेषेचे फोटो शेजारी टेप दिसेल असे काढले, तारखेसकट.

त्याच सकाळी रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या मावशी टोपली उतरवून बघायला आल्या. माझी रोजची भाजी त्यांच्याकडची. त्यांनी विचारलं, "दादा, मंडई होऊ देनार नाय म्हनता. तुमची पोरं खेळतील, आमी कुठं बसायचं?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. अतिक्रमणची गाडी आली की त्यांची पळापळ मी गॅलरीतून बघत आलोय. मंडईची गरज खरीच होती. आमच्यातल्या काहींना हा मुद्दा काढूच नये असं वाटत होतं, 'आपली बाजू कमजोर होते' म्हणून. यावरून ग्रुपमध्ये बरंच वाजलं. शेवटी आमच्यातल्या एकाने विकास योजनेचे नकाशे पुन्हा चाळले, तेव्हा जवळच एक ॲमेनिटी स्पेस ताब्यात येऊन पडीक असलेली सापडली, गवत माजलेली, एक बंद पडलेला टेम्पो ठेवलेली. मंडई तिथे करावी अशी सूचना हरकतीत घातली. नोटीस 'हरकती व सूचना' मागवते. सूचनेचा अर्धा भाग सगळे विसरतात. मावशींनी आणि त्यांच्या शेजारच्या दोघींनी वेगळा अर्ज दिला: मंडई हवी, त्या दुसऱ्या जागेवर चालेल.

हरकत कशी लिहावी, यावर ताईंचं म्हणणं एकच होतं: दोन पानं, मुद्द्यांना क्रमांक, प्रत्येक मुद्द्याला कागद. आम्ही कायद्याचे दोन आधार दिले. कलम ३७ खालचा फेरबदल आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा, हे त्या कलमातच आहे. आणि १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा बंगलोर मेडिकल ट्रस्टचा निकाल. त्यात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला देणं न्यायालयाने रद्द ठरवलं होतं. आमचं प्रकरण खासगी संस्थेचं नव्हतं, म्हणून निकाल जसाच्या तसा लागू आहे असा दावा केला नाही. मोकळी जागा ही शहराची चैन नाही, गरज आहे, एवढ्यापुरताच तो वापरला. झेरॉक्स करून शेकडो सारख्या हरकती देण्याचा मोह टाळला. २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. एवढ्या गर्दीत सारख्या मजकुराचा गठ्ठा कुणाच्या लक्षात राहणार? आमच्या शंभराच्या आत होत्या, पण शाळेच्या पीटी शिक्षिकेने शाळेला मैदान नाही हे लिहिलं, सकाळी चालायला येणाऱ्या आजोबांनी त्यांचं लिहिलं, क्रिकेटवाल्यांनी त्यांचं. क्रिकेटवाले आणि आम्ही एका बाजूला, हाही एक चमत्कारच.

जमा करताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "पोच घेतल्याशिवाय हलू नका," हे मला खिडकीमागच्या बाईंनीच सांगितलं. सोबत ईमेलही केला.

मग सरकारी काम आणि सहा महिने थांब. दिवाळी गेली, डिसेंबर गेला. या काळात ग्रुप पुन्हा झोपला, आणि खरं सांगायचं तर माझाही धीर सुटत चालला होता. रात्री मैदानाशेजारून जाताना जेसीबी दिसतो का बघायचो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुनावणीची पत्रं आली, चार-पाच दिवस आधी, कामाच्या वारी सकाळी अकराची. काहींना रजा मिळाली नाही, त्यांनी लेखी म्हणणं दिलं. तेही चालतं.

सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. लांब टेबल, पलीकडे अधिकारी, नकाशा पसरलेला, बाहेर बाकांवर रांग. एकेकाला पाच मिनिटंही मिळत नाहीत, म्हणून मुद्दे वाटून घेतले होते. टीडीआरचं काका बोलले, मोजमापाचं मी. फोटो टेबलावर ठेवला तर साहेबांनी तो नकाशाशेजारी धरून बराच वेळ बघितला. मग विचारलं, "फुटबॉलसाठी बालेवाडीला एवढं स्टेडियम आहे की."

या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती, पण उत्तर इतकी वर्षं आत साठलेलंच होतं. म्हटलं, "साहेब, बालेवाडीला आम्ही बघायला जायचो. २०१४-१५ ला शहरात तीन क्लब होते, आज एकही नाही, स्टेडियम मात्र जागच्या जागी आहे. आमच्या भागातल्या दहा वर्षांच्या पोराला तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात. त्याला खेळायला हीच जागा आहे." ते हसले, काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं. मावशींची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर सावरून एवढंच सांगितलं, "त्या तिकडच्या जागंवर द्या. मैदानावर पावसात चिखल होतो, भाजी घ्यायला कोन येनार तिथं?" आमच्या सगळ्या कागदांपेक्षा हा मुद्दा जास्त पटला असावा असं मला अजून वाटतं.

सुनावणीनंतर काय होतं हे आपणहून कुणी कळवत नाही. एप्रिलमध्ये माहिती अधिकारात अर्ज केला: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत ही मर्यादा आहे, आणि ओलांडली तर अर्ज परत येऊ शकतो. आमचा एक अर्ज ज्या कार्यालयाकडे वर्ग झाला तिथून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. अपिलाची तारीख पडायच्या आतच उत्तर आलं. हा अनुभव पुष्कळ जणांचा आहे, त्यामुळे अपिलाला घाबरू नका, चिडूही नका. जुलै २०२३ मध्ये दोन रुपये पान या दराने ठरावाची नक्कल हातात पडली. फेरबदलाचा प्रस्ताव दप्तरी दाखल, म्हणजे तिथेच बंद. मंडईसाठी त्या दुसऱ्या जागेची तपासणी करावी, असा शेरा. मी ते वाक्य पार्किंगमध्ये उभा राहून परत परत वाचलं. 'दप्तरी दाखल' इतका गोड शब्द असू शकतो, हे तोवर माहीत नव्हतं.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो. दाखले, नकला, ए-थ्री रंगीत प्रिंट, झेरॉक्स, फक्की धरून चार हजारांच्या आतच भागलं, तेही वर्गणीतून. खरा खर्च अर्ध्या दिवसांच्या रजांचा. निवृत्त माणसं सोबत असली तर तोही कमी होतो, आणि त्यांना आवक-जावकची भाषा येते हा वरचा फायदा. सगळे कागद स्कॅन करून निदान तिघांच्या मेलमध्ये ठेवा. आणि निकाल आपल्या बाजूने लागला तरी वर्षातून एकदा नवा झोन दाखला काढा. आरक्षण कायम राहतं ते पुढची नोटीस निघेपर्यंतच.

मैदानाला कुंपण अजून नाही. रविवारी सकाळी क्रिकेटवाले आणि आम्ही पुन्हा वेळेवरून भांडतो. ॲमेनिटी स्पेसवरचा टेम्पो हलला, गवत कापलं गेलं, मंडईचं बांधकाम मात्र सुरू झालेलं नाही आणि मावशी अजून रस्त्यावरच बसतात. त्या तपासणीच्या शेऱ्याचं पुढे काय झालं, याचा अर्ज गेल्या आठवड्यात त्यांच्याच नावाने टाकला आहे. मजकूर काकांनी सांगितला, दीडशे शब्दांत बसवून मावशींच्या मुलीने लिहिला. पोच तिच्याकडे आहे.